ओढ, सोड, दाब

"पिस्तूल रिकामं आहे, काही होत नाही," असं म्हणणाऱ्याच्या मुस्काटात आधी द्यावी आणि मग त्याचं नाव विचारावं, हे माझं एकोणतीस वर्षांचं धोरण. मी सहायक फौजदार श्रीरंग खिल्लारे. टेकडीवाडीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात फायरिंग शिकवतो. पोरं मला उस्ताद म्हणतात, पाठीमागं काय म्हणतात ते मला विचारू नका. साडेसात हजार पोरं-पोरी माझ्या रेंजवरून गेली आणि एकाच्याही करंगळीला ओरखडा आला नाही. हे मी लग्नाकार्यात मिरवायचो. आता लग्नाला जात नाही.

मयूरी तायडे माझ्या गेल्या वर्षीच्या बॅचची. बुलढाण्याकडची, अंगानं काटकुळी, पण हात दगडासारखा स्थिर. पासिंग झाल्यावर तिला कासारखेड पोलीस ठाणं मिळालं. तिथं सात महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी अकराला, सोळा तासांचा बंदोबस्त संपवून ती पिस्तूल जमा करायला आली. टेबलापाशी उभं राहून पिस्तूल खाली, म्हणजे रिकामं, करायला घेतलं आणि गोळी सुटली. प्लायवूडची भिंत फोडून पलीकडं बसलेल्या हवालदार अंबादास ढोकण्यांच्या मानेत गेली. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच होता म्हणतात. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ खलास.

पूर्वी असं काही झालं की निष्काळजीपणाचा गुन्हा लागायचा. नोकरी जायची, दोन वर्षं आत काढावी लागायची, पण माणूस कधीतरी बाहेर यायचा. मयूरीवर खुनाचा गुन्हा लागला. कारण तिच्या हातात साधं पिस्तूल नव्हतं, 'साक्षी' होतं.

साक्षी काय चीज आहे ते मला जसं समजलं तसं सांगतो. बोटानं ट्रिगर दाबायच्या आधी मेंदू हाताला हुकूम धाडतो. तो हुकूम विजेच्या बारीक लहरींनी दंडातून, मनगटातून तळव्यात उतरतो. साक्षीच्या मुठीत ती लहर वाचणारे शंभरएक ठिपके बसवलेत. माणूस दचकला, घसरला, कुणी हात हिसकला, तर पाचही बोटं एकदम आवळतात. पण गोळी मारायचीच असं ठरवून माणूस दाबतो तेव्हा आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मूठ धरतं, मनगट ताठ होतं, आणि मग तर्जनी हलते. हा सगळा पाव सेकंदाचा मामला. पण तो प्रत्येकाचा वेगळा, सहीसारखा. पिस्तूल मालकाची ही सही शिकून घेतं. तिला म्हणतात हेतुरेषा. रेषा जुळली तरच ट्रिगर सुटतो, नाहीतर कुलूप. आणि प्रत्येक वेळी आकडा नोंदवून ठेवतं: हेतू आहे की नाही, शंभरातले किती टक्के.

आधी मी शिव्याच घातल्या होत्या. म्हटलं, पिस्तूल शहाणं झालं की पोलीस येडा होणार. पण दोन वर्षांत राज्यात चुकून गोळी सुटल्याची एकही केस झाली नाही, तेव्हा माझं तोंड बंद झालं. मग कोर्टंही साक्षीचा आकडा मानायला लागली. आरोपी म्हणतो चुकून सुटली, पिस्तूल म्हणतं हेतू होता. माणूस खोटं बोलतो, यंत्र कशाला बोलेल?

मयूरीच्या पिस्तुलावर आकडा होता सत्त्याण्णव.

वर आणखी एक फास. ढोकण्यांनी तिला आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तिसऱ्यांदा सुट्टी नाकारली होती. त्याच सकाळी ती चौघांदेखत म्हणाली होती, "या माणसाला एकदा कुणीतरी धडा शिकवायला पाहिजे." आता सांगा, असं रागात कोण म्हणत नाही? मी आमच्या प्राचार्यांबद्दल रोज म्हणतो.

*

जिल्हा कारागृहात मी तिला भेटायला गेलो तो तिला झापायलाच. खरं सांगतो. माझ्या हातची पोरगी असं करूच कशी शकते, हा राग होता. जाळीपलीकडं ती येऊन उभी राहिली. सहा आठवड्यांत निम्मी झाली होती.

"जय हिंद, उस्ताद," ती म्हणाली आणि माझं झापणं राहूनच गेलं.

"खाल्लंस का?"

"खाल्लं."

"खोटं बोलू नकोस. अगं, वाळूच्या पेटीकडं नळी का धरली नाहीस? तेवढं धरलं असतंस तरी..."

"पेटी कूलरखाली ठेवलीय, उस्ताद. कूलर डगमगत होता म्हणून. सगळे म्हणायचे, साक्षी आहे, वाळू कशाला पाहिजे."

मी कपाळाला हात लावला. वाळूची पेटी म्हणजे पोलीस ठाण्यातला देव्हारा. पिस्तूल खाली करताना नळी तिच्यात धरायची, म्हणजे चुकून सुटलीच तर वाळूत जाईल. त्या देव्हाऱ्यावर यांनी कूलर बसवला.

"बरं. त्या दिवशी हातानं काय काय केलंस, ते मला करून दाखव. पिस्तूल आहे असं समज."

तिनं दोन्ही हात समोर धरले. जाळीपलीकडं, हवेत. डावा हात मागं आला, पुढं गेला, आणि उजवी तर्जनी दबली. ओढ, सोड, दाब. एक सेकंदही लागला नाही.

"पुन्हा कर."

ओढ, सोड, दाब.

"मयूरी, मॅगझिन कुठंय?"

तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. पिस्तूल खाली करताना पहिलं काम मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढणं. मग वरची स्लाइड मागं ओढून चेंबरमध्ये, गोळी बसते त्या खाचेत, डोळ्यांनी बघणं, करंगळी घालून चाचपणं. मग स्लाइड सोडणं. शेवटी घोडा उतरावा म्हणून, नळी वाळूत धरून, ट्रिगर एकदा दाबणं. मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली-सोडली की पिस्तूल खाली होत नाही, उलट भरतं. हे शाळेतल्या पोराला कळावं. पण तिच्या हातांत मॅगझिन काढणं नव्हतंच. बघणं नव्हतं, चाचपणं नव्हतं. फक्त ओढ, सोड, दाब.

"असं कुणी शिकवलं गं तुला?" मी विचारलं, आणि विचारताविचारता मी जाळी धरली. कारण उत्तर मला ठाऊक होतं.

"तुम्हीच, उस्ताद," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

*

ते चार दिवस सांगायलाच हवेत, लाज वाटली तरी.

साक्षीला हेतुरेषा शिकवायची तर प्रत्येकानं रेंजवर साठ जिवंत राऊंड मारायचे, असा कंपनीचा नियम. दोनशे बारा पोरं. गोळ्यांच्या पेट्या यायच्या होत्या, आल्या नाहीत. आठवड्यावर पासिंग परेड आली, मंत्री स्वतः येऊन पोरांच्या हातात साक्षी देणार, मांडव पडला, आचारी ठरला. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "खिल्लारे, कसंही करून बसवा." एवढंच म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले. 'कसंही करून' हे आमच्या खात्यातलं सगळ्यात मोठं कलम आहे.

मी शोध लावला. ते यंत्र गोळीचा झटका मोजतच नव्हतं, फक्त दाबण्याआधीचा पाव सेकंद वाचायचं. रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबला तरी त्याचा दिवा हिरवा व्हायचा. झालं! पोरांना रांगेत उभं केलं. "मॅगझिन पेटीतच राहू द्या, वेळ जातो. चेंबरमध्ये बघू नका, पिस्तूल रिकामंच आहे." हे मी म्हणालो. मी, श्रीरंग खिल्लारेनं, माझ्या रेंजवर, भर उन्हात, दोनशे बारा पोरांसमोर म्हटलं. मग शिटी आणि आरोळी. ओढ, सोड, दाब. साठ वेळा. चार दिवसांत सगळे दिवे हिरवे. गोदामात जुन्या पुंगळ्यांची पोती पडली होती, तीच गोळ्या झाडल्याचा पुरावा म्हणून दाखवली. कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या, मी सगळ्यांत वर.

आता यातून काय झालं ते बघा. पिस्तूल खाली करताना माणूस शेवटी जे बिनडोकपणे दाबतो, तेच दाबणं मी त्या यंत्राला 'हेतू' म्हणून शिकवलं. आणि पोरांच्या हातांना शिकवलं की मॅगझिन नावाची वस्तूच नाही. एरवी डोकं जागं असलं की मॅगझिन आधी निघायचं. त्या दिवशी मयूरी सोळा तास उभी राहून आली, डोकं झोपलेलं, हात जागे. हातांनी शिकवलेलं केलं. पिस्तुलानं शिकवलेलं ओळखलं. मी तिला दोन्हीकडून मारलं. वाळूच्या पेटीवर कूलर ठेवणाऱ्यांना मी कुठल्या तोंडानं बोलू?

*

मी घरी सगळं सांगितलं. माझी बायको सुलभा मोजकं बोलते. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं.

"तुम्ही हे बोललात तर तुम्हाला आत घालतील."

"घालतील."

"आणि ती सुटेल?"

"सुटायला पाहिजे. निदान खुनातून तरी."

"सुटायला पाहिजे की सुटेल?" ती पुन्हा लाटायला लागली. "जा अहो. न जाऊन तुम्ही घरात बसाल आणि मला तुमचं ते तोंड रोज बघावं लागेल."

एकट्याच्या शब्दाला किंमत नसते, म्हणून बॅचच्या पोरांना फोन लावले. एकोणीस जणांना. सगळ्यांची भाषा एकच. "उस्ताद, आमच्या सह्या आहेत." "उस्ताद, माझं लग्न ठरलंय." एक जण तर रडला, रडत रडत नाही म्हणाला. विसाव्याला लावलाच नाही. पोरांना काय बोलू? भीत भीत सही करायला मीच शिकवलं होतं.

मग मी अर्ज दिला. खरं ते सगळं लिहून. प्राचार्यांनी तो वाचला, म्हणाले, "असा काही आदेश मी दिल्याचं मला आठवत नाही." त्यांना आठवत नाही हे मला आधीच माहीत होतं.

*

चौकशी समिती आमच्याच रेंजवर बसली. सकाळचे दहा. अध्यक्ष अपर अधीक्षक अनघा देवस्थळी मॅडम, कडक पण सरळ बाई. शेजारी साक्षी बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर नामजोशी, तिशीचा, सभ्य पोरगा. टेबलावर मोठा पडदा आणि सीलबंद डब्यात मयूरीचं पिस्तूल. दोन महिला शिपाई तिला घेऊन आल्या आणि बेड्या काढल्या.

मी बोललो. शिटी, साठ वेळा, पुंगळ्यांची पोती, सगळं ओकलो. ऐकून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "खिल्लारे, तुम्ही आता जे सांगितलंत त्याचा परिणाम तुम्हाला कळतो?"

"कळतो, मॅडम. उरलेली दोनशे अकरा पिस्तुलंही परत बोलवा. तीही तशीच शिकलीत."

"ती आजच बोलावते." त्यांनी लिहून घेतलं. "पण तायडेच्या बाबतीत पुरावा काय?"

"पुरावा तिचा हात आहे. तिला हेच पिस्तूल रिकामं करून द्या. ती नुसतं खाली करून दाखवेल. पडद्यावर 'हेतू आहे' असं आलं, तर सिद्ध झालं की यंत्र खाली करण्यालाच हेतू समजतं."

नामजोशीनं मान डोलावली. "चाचणी योग्य आहे," तो म्हणाला. मला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली.

पिस्तूल मी स्वतः तपासलं, मॅगझिन काढलं, चेंबर बघितलं, करंगळी घातली, मग तिच्या हातात दिलं. तिचा हात नुसता लटलट कापत होता. स्लाइड तिला धड ओढता येईना. कशीबशी ओढली, सोडली, दाबलं. ट्रिगर हललाच नाही, कुलूप तसंच.

पडदा: हेतू नाही. चार टक्के.

"पुन्हा," मी म्हणालो. पुन्हा 'हेतू नाही', सहा टक्के. तिसऱ्यांदा तीन.

नामजोशी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, राग मानू नका. हिला आज गोळी मारायची नाही, आणि यंत्र नेमकं तेच सांगतंय. म्हणजे ते बरोबर ओळखतं."

"अरे बाबा, इतके आठवडे ती झोपलेली नाही! प्रत्येक हालचाल विचार करून, भीत भीत करतेय. त्या दिवशीचा हात हा नव्हे!" माझा आवाज फाटला. मॅडमनी हातानं गप्प राहायला सांगितलं, पण मी कुठला गप्प राहतो. "मॅडम, एकदा. शेवटचं. पाया पडतो तुमच्या."

खरंच वाकलो मी. एकोणतीस वर्षांत कुणापुढं वाकलो नव्हतो.

मॅडम म्हणाल्या, "एकदाच."

मी मयूरीच्या मागं जाऊन उभा राहिलो, जसा त्या चार दिवसांत रांगेमागं उभा असायचो. खिशातून शिटी काढली. "पोरी, डोळे मीट. काही विचार करू नकोस. माझा आवाज ऐक फक्त." शिटी मारली आणि पोटातून ओरडलो, "ओढ! सोड! दाब!"

तिची पाठ ताठ झाली. हात थांबले कापायचे. ओढ, सोड, दाब. खट्ट. ट्रिगर सुटला होता.

पडदा: हेतू आहे. शहाण्णव टक्के.

मी मोठ्यानं हसलो. हसताना डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलंही नाही. "बघा! बघा मॅडम! रिकामं पिस्तूल, समोर मातीचा ढिगारा, कुणाला मारायचंय तिला? आणि हे म्हणतंय हेतू आहे!"

नामजोशीचा चेहरा उतरला होता. तो पडद्याजवळ गेला, आकडे खालीवर केले. मग, प्रामाणिक पोरगा तो, म्हणाला, "मॅडम, हे गंभीर आहे. फक्त एक गोष्ट. हुकूम ऐकून दाबणं हेसुद्धा ठरवून दाबणंच असतं. दोन्हींत फरक यंत्राला करता येत नाही, हे मी मान्य करतो. तो फरक दाबणाऱ्यालाच सांगता येईल."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. सुटकेचं दार उघडलं होतं, मला ते दिसत होतं. त्यांनी पेन हातात घेतलं. "तायडे, घाबरू नकोस. तुझं उत्तर मी जसंच्या तसं नोंदवणार आहे. आत्ता दाबलंस तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

काहीच नाही, मॅडम. हात आपोआप चालला. एवढं म्हणायचं होतं. एवढंच. मी मनातल्या मनात तिच्या तोंडात ते शब्द घालत होतो.

मयूरी पडद्याकडं बघत होती. शहाण्णव.

"ढोकणे काका होते," ती म्हणाली.

मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली.

"म्हणजे?"

"मनात ते होते. कप धरलेले. रोज तेच असतात, मॅडम. जेवतानाही असतात."

"हो, पण ते आता," मी मध्येच बोललो. "मॅडम, ते आता! माणूस मेल्यावर मनात येणारच की! त्या दिवशीचं विचारा!"

"खिल्लारे, मी विचारतेय. तायडे, त्या दिवशी मनात होते ते?"

तिनं डोळे मिटले. विचार करत होती, प्रामाणिकपणे. त्या पोरीला मी खोटं बोलायला तेवढं शिकवलं नव्हतं, कागदावर सही करायला शिकवलं होतं.

"राग होता, मॅडम. सुट्टीचा. पिस्तूल काढलं तेव्हाही होता. पण मारायचं होतं की नाही ते... आधी मला वाटायचं नव्हतं. आईची शपथ घेऊन सांगायचे सगळ्यांना. मग वकील म्हणाले सत्त्याण्णव आहे. कोठडीत बसून बसून मी खूप शोधलं आत. सापडत नाही. आणि आत्ता काही न ठरवता दाबलं तरी शहाण्णव आलं. म्हणजे माझ्या आत असेलच ना काहीतरी, मला न सांगता?"

"अगं येडे, ते मी घातलंय!" मी ओरडलो. "तुझ्या आत काही नाही! ते चार दिवस आहेत, माझी शिटी आहे ती!"

ती माझ्याकडं वळली. पूर्वी रेंजवर शंका विचारायची तशीच उभी राहिली.

"उस्ताद, तुम्हाला कसं माहीत?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडं एकही आकडा नव्हता.

मॅडमनी पेन उचलून माझ्याकडं बघितलं. त्यांनाही मी काहीतरी बोलावं असं वाटत होतं, मी शपथेवर सांगतो. मग त्यांनी तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "हेच म्हणायचंय तुला?"

मयूरीनं पुन्हा एकदा पडद्याकडं बघितलं, खात्री करून घ्यावी तसं. "हो," ती म्हणाली, सही केली आणि बेड्यांसाठी स्वतःच दोन्ही हात पुढं केले.